चार बोटं जागा

"वहिनी, हे वर जरा उंच घ्या की. वीतभर," भैयासाहेब म्हणाला आणि तंबाखूचा मावा मळलेली बोटं त्यानं सरळ माझ्या बुडबुड्यावर टेकवली.

बुडबुडा म्हणजे माझ्या नवऱ्यानं बांधलेल्या शर्यतीच्या गाडीचं झाकण. चालवणारा आत आडवा पडल्यासारखा बसतो, त्याच्या डोक्यावरून घालायचं पारदर्शक ॲक्रिलिकचं झाकण. पुस्तकात त्याला कॅनॉपी म्हणतात, पण आमच्या उद्यमनगरात असली नावं टिकत नाहीत. आदल्या दिवशी मी तो फुगवला होता, हळूहळू निववला होता आणि सकाळी फ्लॅनेलनं पुसून शेडच्या मधोमध पाटावर ठेवला होता. त्याच्या आरपार पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. एक अक्षर वाकडं दिसत नव्हतं. त्या स्वच्छ अंगावर आता तपकिरी ठसे उमटले, ओले, चुन्याच्या कडेसकट.

"हात काढा," मी म्हणाले.

"आँ?"

"हात काढा म्हटलं. पुसायला मला लागतंय."

माझा नवरा, धैर्यशील, त्याच्या पाठीमागून माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागला. भैयासाहेब मात्र हसला. तो येत्या महापालिकेला उभा राहणार होता, त्यामुळं त्या वर्षी तो सगळ्यांनाच हसत होता. गाडीचे टायर त्यानं आणून दिले होते आणि शहराच्या हद्दीवरच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर गाडी पळवायची परवानगी त्याच्याच नावावर निघाली होती. म्हणून तो आमच्या शेडमध्ये येऊन कशालाही हात लावू शकत होता.

"उंच कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"तुरा बसाय नको व्हय?"

"कसला तुरा?"

"फेट्याचा ओ. गाडी कोल्हापूरची, गडी कोल्हापूरचा, आणि डोक्यावर ते जपानी टोपडं? शोभतंय का सांगा तुम्हीच. फेटा बांधून बसायचं. ह्या काचेतनं झ्याक दिसंल. फोटो बघा कसा येतोय ते."

"काच नाही, ॲक्रिलिक आहे."

"तेच ते."

"आणि हेल्मेट?"

"त्ये कशाला? वरनं काच हायेच की."

मी नवऱ्याकडं बघितलं. हा माणूस साधा नट आवळला तरी पुन्हा परत येऊन चाचपून बघतो. ब्रेकच्या नळीपाशी बसला की जेवायला हाका मारून घसा बसतो. आता हा सांगेल, असं मला वाटलं. साहेब, ताशी अडीचशेनं जाणार आहे, डोक्याला हेल्मेट लागतंय, एवढं एकच वाक्य. पण तो मान खाली घालून पाटाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "बघूया की, साहेब."

बघूया की. आमच्याकडं मोठ्या माणसाला कुणी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बघूया की म्हणतात. म्हणजे हो असतं, फक्त ते बायकोसमोर उघड म्हणायचं नसतं.

"उंच होणार नाही," मी म्हणाले. "फुगा जास्त फुगवला की टोकाला पातळ होतो. नेमका डोक्यावर पातळ. हा आहे हाच राहणार."

भैयासाहेब पुन्हा हसला. जाता जाता शेडच्या दारात, माझ्या तुळशीच्या डब्याशेजारी, त्यानं पिचकारी मारली. त्याच्या पाठोपाठ त्याच्या दोन माणसांनीही मारली. मी बादलीभर पाणी ओतलं तरी तो डाग काही पुरता गेला नाही.

माझं ॲक्रिलिकचं काम लग्नाआधीपासूनचं, वडलांच्या दुकानातलं. डॉक्टरांच्या पाट्या, शिल्डं, गणपतीच्या मूर्तीवर ठेवायच्या पेट्या. नवरा लेथवर. दिवसभर लोकांचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात गाडी. मुंबईहून भंगारात आलेलं मोठ्या जपानी मोटरसायकलचं इंजिन, विमानाच्या शेपटीसारखा लांब सांगाडा, पुढं एक आणि मागं दोन चाकं. आमचा थोरला रांगत होता तेव्हा सुरू केलेली गाडी तो शाळेत जायला लागला तरी चालूच होती. इंजिन रफिक शिकलगार बघायचे. ते नवऱ्याचे लहानपणापासूनचे दोस्त, स्वभावानं थंड, तोंडानं तिखट. झाकण तेवढं माझ्याकडं होतं. खरं सांगते, मला ती गाडी आवडायची. माझ्या आयुष्यात शिल्डं सोडून दुसरं काही पारदर्शक करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढा मोठा तक्ता तापवायला आमच्याकडं भट्टी कुठली. शेवटी गल्लीच्या टोकाच्या बेकरीत विचारलं. सकाळची खारी निघाली की भट्टी आमची, असं ठरलं. तक्ता आत टांगला, मऊ झाल्यावर सगळ्यांनी हातमोजे घालून बाहेर काढला, लाकडी चौकटीत दाबून बसवला आणि खालून कॉम्प्रेसरची हवा सोडली. व्हॉल्व्ह माझ्या हातात होता. तव्यावरची भाकरी फुगते तसा तो हळू फुगत वर आला. वर दोरीला मी एक मणी बांधला होता. नवऱ्याला हेल्मेट घालून सांगाड्यात निजवून मी उंची घेतली होती, आणि त्याच्यावर चार बोटं जागा धरली होती. बुडबुड्याचं टोक मण्याला लागलं की हवा बंद. धक्का बसला तर डोकं वर आदळायला नको आणि झाकण उगाच उंच होऊन वारा खायला नको, म्हणून चार बोटं. कमी नाही, जास्त नाही.

"वहिनी, ह्याला तुपाचा वास येतोय," रफिकभाऊ नाक लावून म्हणाले.

"येऊ दे. तुम्ही तो हातातला बोळा आधी बाहेर टाका."

त्यांच्या हातात थिनरचा बोळा होता. ॲक्रिलिकला थिनर लागलं की संपलं. वरून चकचकीत दिसतं आणि बघता बघता आत बारीक बारीक भेगा धावतात, सगळं पांढरं पडतं. मग ब्रह्मदेव आला तरी ते साफ होत नाही. माझ्या अर्ध्या शेडमध्ये थिनरला बंदी होती. भिंतीवर मी लाल अक्षरात लिहूनच ठेवलं होतं.

"वहिनींचं सोवळं कडक," रफिकभाऊ म्हणायचे. "आमच्याकडं एवढं नसतंय बाबा."

"अंघोळ करून या, मग शिवा," मी म्हणायचे. आणि नवरा हसायचा.

भैयासाहेब येऊन गेला त्या दिवशी जेवताना मी विषय काढला.

"तुम्ही नाही का म्हटला नाही?"

"अगं, म्हटलं की बघूया."

"ते ऐकलं मी. फेटा बांधून गाडी चालवणार तुम्ही?"

"लते, एक सांग. धावपट्टी कुणाच्या नावावर मिळाली? टायर कुणी दिले? आयुष्यात एकदाच मिळणार हे. त्याचं मन राखायला नको?"

"मन राखा. डोकं कुणी राखायचं?"

तो हसायला लागला. त्याचं हसणं मला फार आवडायचं, पण त्या दिवशी डोक्यात गेलं. मी भाकरी थापायची थांबले आणि पिठाच्या हातानंच त्याच्यासमोर जाऊन बसले.

"पोरांची शपथ घेऊन सांगा. हेल्मेट घालणार का नाही?"

"घालणार गं बाई. फेटा नुसता फोटोपुरता. गाडीच्या बाहेर उभं राहून. आत बसताना हेल्मेट. झालं?"

"पोरांची शपथ?"

"पोरांची शपथ. भाकरी करपली बघ."

भाकरी खरंच करपली होती. ती मीच खाल्ली.

धावपट्टीवर पोचलो तेव्हा मला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाला आलोय. मांडव, खुर्च्या, हलगी, कर्णे. येणाऱ्या वाटेवर फ्लेक्सच फ्लेक्स. प्रत्येकावर भैयासाहेबाचं तोंड, बैलगाडीच्या चाकाएवढं. माझा नवरा खालच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा, आणि त्याच्या नावातली वेलांटीसुद्धा चुकलेली. गाडी तर कुठं दिसतच नव्हती. मिसळीच्या द्रोणांचा ढीग पडला होता आणि त्यावर कुत्री. जिकडं बघावं तिकडं थुंकलेलं. विमानांसाठी बांधलेल्या त्या लांब सरळ पट्टीवर, जिथं एक खडा असू नये म्हणून रफिकभाऊ पहाटेपासून झाडू घेऊन फिरत होते, तिथंही लाल पिचकाऱ्या मारलेल्या.

"ह्यांना सांगा की जरा," मी रफिकभाऊंना म्हटलं.

"सांगितलं. मला म्हणाले, तू कोण?" त्यांनी झाडू गाडीला टेकवून ठेवला. "वहिनी, वारा आडवा हाय थोडा. चालतंय. पण हे लवकर आटपलं पाहिजे."

ते लवकर आटपणार नव्हतं. आधी नारळ. तो फोडायला दगड मिळेना, म्हणून भैयासाहेबाच्या एका माणसानं गाडीच्याच नाकावर फोडला. रंग उडाला, पत्रा चेपला, पाणी आत गेलं. नवऱ्याच्या जबड्याची शीर हललेली मी बघितली, पण त्यानं प्रसादाचं खोबरं घ्यायला हात पुढं केला. मग भाषण. मग फेटे. फेटेवाल्यानं नवऱ्याला गुलाबी फेटा बांधला, वर हातभर तुरा. मग मला हाक आली, वहिनीसाहेब, औक्षण करा. मी ताट घेऊन गेले. नवऱ्याला ओवाळलं. फेट्यात तो चांगला दिसत होता, खोटं कशाला बोलू. मी हळूच म्हटलं, "झाला ना फोटो? आता हेल्मेट." तो म्हणाला, "हो, हो."

एवढ्यात स्टिकरवाला आला. हातात भैयासाहेबाच्या तोंडाचा फोटो, चांगला ताटाएवढा. मी ताट खाली ठेवेपर्यंत त्यानं तो बुडबुड्याच्या पुढच्या अंगाला चिकटवला, चालवणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर.

"अरे, ए," मी धावले. "मुडदा बशिवला तुझा, ह्यानं रस्ता कुठनं बघायचा?"

"साहेबांनीच सांगितलंय, वहिनी. फोटोत मधोमध यायला पाहिजे."

"काढ. आत्ता काढ."

नवरा मध्ये पडला. "जरा खाली घे, बाजूला लाव," असं त्याला समजावणीच्या सुरात म्हणाला, जणू कुणाच्या लग्नात पंगत वाढतोय. स्टिकरवाल्यानं तो ओरबाडून काढला. मागं गोंदाचा मळका गोल राहिला. मी हेल्मेट आणायला गेले. म्हटलं, हे आपण आपल्या हातानं डोक्यावर घालायचं आणि ह्या लोकांपासून ह्याला मोकळं करायचं.

गाडीजवळ हेल्मेट नव्हतं. टेम्पोत नव्हतं. शेवटी मांडवाच्या मागं सापडलं. खुर्च्या टाकणारी माणसं तिथं बसली होती, आणि त्यांच्या मधोमध हेल्मेट उलटं ठेवलेलं. मी वाकून बघितलं. आत पेढ्यांचे कागद, लिंबाची साल, आणि ह्या सगळ्यावर माव्याची थुंकी. एकाची नव्हे. आतलं मऊ अस्तर, जिथं त्याचं कपाळ टेकणार, ते भिजून लाल काळं झालं होतं. माझ्यासमोरच एकजण पुढं झुकला, त्यात थुंकला आणि मनगटानं तोंड पुसलं.

"हे काय आहे ठाऊक आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"थुंकायचं तस्त न्हवं?" तो म्हणाला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

पदर तोंडाला लावून मी ते पट्ट्याला धरून उचललं आणि अंगापासून लांब धरून चालत गाडीपाशी आले. तोवर माझा राग त्या माणसांवर होता. नवऱ्यावर नव्हता.

नवरा गाडीशेजारी वाकून उभा होता. बुडबुड्याच्या बाजूला ऊन पडलं होतं आणि त्यात त्याचं प्रतिबिंब दिसत होतं. त्यात बघून तो फेटा नीट करत होता. तुरा जरा डावीकडं, मग जरा उजवीकडं. मान तिरकी करून बघितलं. मिशीवरून बोट फिरवलं. मी बेकरीच्या भट्टीसमोर घाम गाळून, एक कण बसू न देता, ह्याला समोरचं नीट दिसावं म्हणून जे केलं होतं, त्याचा ह्यानं आरसा केला होता. त्या क्षणी मला त्याची जी शिसारी आली ती मी कुणाला सांगू शकत नाही. हेल्मेटातल्या थुंकीचीही तेवढी आली नव्हती.

"तुरा वाकवला की बरोबर बसतोय बघा आत," फेटेवाला भैयासाहेबाला सांगत होता. "मगाशी बसवून बघितलं. हेल्मेटाला जागा सोडलीय न्हवं, त्यात फेटा फिट बसतोय."

माझी चार बोटं.

मी हेल्मेट पाठीमागं धरलं. "अहो," मी म्हटलं. "आत बसताना काय घालणार?"

त्यानं आरशातूनच, म्हणजे बुडबुड्यातूनच, माझ्याकडं बघितलं. "अगं, आता सोडायला पुन्हा बांधायला वेळ जातोय. लोक थांबलेत. एवढ्यानं काय होतंय. सरळ तर जायचंय."

"शपथ घेतली होती तुम्ही."

तो वळला. चेहऱ्यावर तेच हसू, भैयासाहेबासमोरचं. "बघूया की," तो म्हणाला.

मला म्हणाला. बायकोला.

"वहिनी," स्टिकरवाल्यानं विचारलं, "ह्यो गोंद कशानं काढू? पाण्यानं जाईना."

तो बिचारा बोटानं गोंदाचा गोल घासत उभा होता. शेजारी रफिकभाऊ उभे होते. त्यांच्या पायाशी हत्यारांची पेटी, पेटीत थिनरचा डबा.

"थिनरनं काढा," मी म्हणाले.

नवरा तोवर फोटोवाल्याकडं वळला होता, त्याला ऐकू गेलं नाही. रफिकभाऊंना गेलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग माझ्या पाठीमागच्या हातात लोंबणाऱ्या हेल्मेटाकडं बघितलं, आणि त्यात काय आहे तेही बघितलं.

"रफिकभाऊ, द्या त्यांना थिनर," मी म्हटलं. "आणि चांगला मोठा बोळा द्या. सगळीकडनंच पुसू दे. ठसे लई पडलेत."

त्यांनी डबा काढून दिला.

स्टिकरवाल्यानं मन लावून पुसलं. आधी गोंद गेला. मग भैयासाहेबाच्या माणसांचे ठसे गेले. बुडबुडा असा लखलखला की तो स्वतःच खूश झाला. म्हणाला, "बघा, कसा निघाला." आणि मग, दुधावर साय धरते तसं, त्या लखलखाटाच्या आत पांढरं धरायला लागलं. बोल्टांच्या भोकांपासून केसासारख्या भेगा निघाल्या आणि एकमेकींना भेटत वर चढल्या. स्टिकरवाला घाबरून आणखी जोरात पुसायला लागला. जेवढं पुसलं तेवढं पांढरं झालं.

"आरं, हे काय केलंस?" भैयासाहेब धावत आला. "आता आत कोण बसलंय ते दिसायचं कसं?"

"वहिनींनी सांगितलं, थिनरनं पूस..."

सगळे माझ्याकडं वळले. मी नवऱ्याकडं बघत होते. त्याला थिनर म्हटल्याबरोबर सगळं कळलं. माझ्या भिंतीवरची लाल अक्षरं तो रोज बघत होता.

"दुसरं झाकण हाय का?" भैयासाहेबानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग झाकण काढून पळव की रे. नुसता फेटा तर फेटा."

"वाऱ्यानं सुटून चाकात गेला की गळाच आवळंल, साहेब," रफिकभाऊ म्हणाले.

नवरा पुढं झाला. पहिल्यांदाच त्या दिवशी त्याचा आवाज नेहमीचा वाटला, लेथवरचा. "साहेब, मी हेल्मेट घालून पळवतो. झाकण काढून. वेग थोडा कमी पडेल, पण पळेल. फक्त अर्धा तास द्या."

"आणि फोटोत काय येणार?"

"गाडी येईल की."

"गाडीला कोण बघतंय?" भैयासाहेब म्हणाला. हे वाक्य कुणाला लागेल असं त्याला वाटलंसुद्धा नाही. त्यानं घड्याळ बघितलं, पिचकारी मारली आणि माणसांना म्हणाला, "गुंडाळा. आणि वॉचमनला सांगा, फाटक लावून घे. परवानगी माझ्या नावावर हाय, मागनं काय झालं तर माझ्या गळ्यात नको."

मांडव उतरायला लागला. हलगीवाले टेम्पोत चढले. आलेले लोक उरलेली मिसळ संपवून आपापल्या गाड्यांकडं गेले. एकानंही जाताना गाडीकडं वळून बघितलं नाही. बघता बघता त्या लांबलचक पट्टीवर आम्ही तिघं, गाडी आणि कुत्री उरलो.

नवरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोक्यावर फेटा तसाच, तुरा एका बाजूला लोंबलेला.

"तू मुद्दाम सांगितलंस."

"हो."

"माझी सगळी वर्षं घालवलीस त्यात."

"हो."

"काही झालं नसतं, लते."

मी पाठीमागचा हात पुढं केला आणि हेल्मेट त्याच्या हातात दिलं. उलटंच, जसं मिळालं होतं तसं. त्यानं आत बघितलं. पेढ्याचा कागद बोटानं बाजूला केला, अस्तर दाबून बघितलं आणि बोट वर आलं तेव्हा ते लाल होतं. त्याचा चेहरा कसनुसा झाला. ओकारी आल्यासारखं तोंड त्यानं बाजूला फिरवलं.

"कुणी केलं हे?"

"ज्यांचं मन राखत होतो आपण," मी म्हणाले.

तो खाली बसला, पट्टीवरच. मग त्यानं डोक्यावरचा फेटा धरून ओढला. वेढे सुटत सुटत खांद्यावर आले. ते लांब गुलाबी कापड त्यानं मांडीवर गोळा केलं, रफिकभाऊंकडून पाण्याची बाटली घेतली, आणि त्या कापडानं हेल्मेट आतून पुसायला लागला. एक टोक मळलं की दुसरं घ्यायचा. सगळा फेटा वापरून संपला तोवर पुसत होता. रफिकभाऊ आणि मी बुडबुड्याचे बोल्ट काढत बसलो.

ती गाडी पुन्हा कधी पळली नाही. टायर भैयासाहेबाची माणसं येऊन काढून घेऊन गेली. परवानगीसाठी नवऱ्यानं खूप खेटे घातले, प्रत्येक ठिकाणी त्याला बघूया की म्हणाले. शेवटी इंजिन विकलं. ज्या दिवशी ते टेम्पोत चढवलं, त्या दिवशी तो जेवला नाही आणि मीही नाही. मला वाईट वाटलं का? वाटलं. ती गाडी माझीही होती. तरी पुन्हा कुणी कशानं पुसू म्हणून विचारलं, तर मी तेच सांगेन.

भैयासाहेब निवडून आला. अजून कुठं चौकात त्याचं तोंड फ्लेक्सवर दिसलं की मी पदर नाकाला लावून पुढं जाते. पोरं हसतात मला. हसू देत.

बुडबुडा परसात आहे. पांढराफटक, भेगाळलेला, पण अजून फुटला नाही. धाकट्या सुनेनं कोंबड्या पाळल्यात, पिलांना मांजरापासून राखायला तो उपडा घालते. पिलं आत चिवचिवतात आणि मोठ्या कोंबड्या वर चढून घाण करतात. दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो तेव्हा नवरा तोही धुऊन आणतो, लेथशेजारी ठेवतो आणि त्याला झेंडूचा हार घालतो. रफिकभाऊ येतात, चहा घेतात, कुणीतरी गाडीची आठवण काढतं आणि नवरा माझ्याकडं न बघता म्हणतो, "काही झालं नसतं." इतकी वर्षं झाली, एक दसरा चुकला नाही. झालं नसतंही कदाचित. मला काय ठाऊक.

गेल्या दसऱ्यालाही म्हणाला. चहाला दूध कमी पडलं होतं, म्हणून त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. कोपरा म्हणजे किती लांब, इथनं हाक मारली तर ऐकू जाते. आमच्या गल्लीत एवढ्यासाठी कुणी हेल्मेट घालत नाही. पण ह्यानं खुंटीवरनं ते जुनं हेल्मेट काढलं, अस्तर दोनदा बदललेलं, आणि डोक्यावर चढवलं. शेजारच्या पोरानं विचारलं, आजोबा, दुधाला जाताना हेल्मेट कशाला? तर म्हणतो, वाऱ्यानं केस विस्कटतात. डोक्यावर केस उरलेत कुठं.

"काही झालं नसतं, लते," स्कूटरला किक मारता मारता तो पुन्हा म्हणाला, आणि हनुवटीखालचा पट्टा ओढून घट्ट केला.